वीज पाडणे सोपे, मोजणे कठीण

बेळगावकरांचे बेंगळूर तसे ठरलेले असते. विधानसौध लांबून पाहायचे, लालबागेत एक चक्कर, मुलगा किंवा जावई सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्याच्या फ्लॅटवर दोन दिवस मुक्काम आणि निघायच्या आदल्या दिवशी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर खरेदी. या यादीत मल्लेश्वरम आणि यशवंतपूर यांना लागूनच असलेली एक जागा सहसा नसते. जुने बेंगळूरकर तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. पाटीवरचे नाव आहे भारतीय विज्ञान संस्था, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

नाव का टिकले हे सांगायला नको. जमशेटजी टाटांनी या संस्थेचे स्वप्न पाहिले, पण ती उभी राहिलेली पाहायला ते राहिले नाहीत. १९०४ मध्ये ते गेले आणि संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. म्हैसूर संस्थानाने त्यासाठी सुमारे ३७० एकर जमीन दिली. पारशी उद्योगपतीचा पैसा, कन्नड राजघराण्याची जमीन आणि देशभरातून येणारी मुले असा हा संसार आहे. फाटकातून आत गेले की शहराचा आवाज मागे राहतो. दोन्ही बाजूंना जुनी झाडे, मधून सायकलवर जाणारी पोरे आणि समोर दगडी मनोऱ्याची मुख्य इमारत.

१९११ मध्ये इथे विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली, तेव्हा ज्या विभागांत शिकवणे सुरू झाले त्यांत एक रसायनशास्त्राचा होता आणि दुसरा विजेच्या तंत्राचा. त्याआधी नऊच वर्षे, १९०२ मध्ये, म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार करून ती जवळपास दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तारांवरून नेली होती. १९०५ मध्ये बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. तारा जितक्या लांब आणि दाब जितका मोठा, तितका आभाळातल्या विजेचा धोका जास्त. म्हणून इथल्या विद्युत अभियंत्यांच्या कामात आभाळातली वीजही आली. ती बोलावल्यावर येत नाही, तेव्हा घरातच तयार करायची आणि तिच्यापुढे आपली उपकरणे उभी करून बघायची. हे काम जिथे चालते ती हाय व्होल्टेज प्रयोगशाळा पाहायला मी गेलो होतो.

वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, या संस्थेचा ‘ओपन डे’ असतो. त्या दिवशी कोणीही यावे, कोणतीही प्रयोगशाळा पाहावी. माझा भाचा तिथे एम.टेक. करतो. ‘मामा, या वर्षी याच,’ असे त्याने बजावले, म्हणून मी संध्याकाळी बेळगावात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. व्होल्ट आणि अँपिअर यांच्याशी माझा संबंध घराच्या मीटरपुरता. तरी एक प्रश्न काही वर्षे मनात होता आणि तो माझा नव्हता.

खानापूर तालुक्यातला माझा एक विद्यार्थी. त्याचे वडील मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात शेतातल्या चिंचेखाली आडोशाला थांबले आणि तिथेच गेले. जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर तास संपल्यानंतर तो थांबला आणि त्याने विचारले, ‘सर, ती वीज किती व्होल्टची असेल?’ दुःख झालेला माणूस कधी कधी आकडा मागतो. आकडा मिळाला की जे झाले त्याला काही आकार येतो, असे त्याला वाटत असावे.

प्रयोगशाळेचा हॉल एखाद्या मोठ्या नाट्यगृहाएवढा उंच आहे. मधोमध उभा आहे इम्पल्स जनरेटर, म्हणजे क्षणभराचा विजेचा झटका तयार करणारा मनोरा. एकावर एक कप्पे, प्रत्येक कप्प्यात विजेचा साठा करणारे कपॅसिटर आणि कप्प्याकप्प्यांमध्ये थोडी फट ठेवून समोरासमोर बसवलेले धातूचे गोळे. क्षमता ३० लाख व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टच्या तेरा हजार पट.

इतका दाब आणायचा कसा? ही युक्ती १९२० च्या दशकात जर्मनीतल्या एर्विन मार्क्स या अभियंत्याने काढली. (हा मार्क्स वेगळा, याचा मजुरीशी संबंध नाही.) आपल्याकडचे गोविंदा पथक डोळ्यांसमोर आणा. सगळे गडी जमिनीवर शेजारी शेजारी उभे आहेत तोवर प्रत्येकाची उंची पाच-साडेपाच फूटच. तेच एकमेकांच्या खांद्यांवर चढले की चाळीस फुटांवरची हंडी हाताला येते. कपॅसिटरचेही तसेच. आधी सगळे शेजारी शेजारी जोडून सावकाश भरून घ्यायचे. मग पहिल्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडायची. त्या ठिणगीने पहिला कप्पा दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो, दुसऱ्या फटीवरचा ताण वाढून तिथेही ठिणगी पडते, मग तिसऱ्या, आणि डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी सगळा मनोरा एकमेकांच्या खांद्यांवर उभा राहतो. सगळ्यांचे व्होल्ट एकत्र होऊन टोकाला येतात.

भोंगा वाजला. लोक जाळीपलीकडे गप्प झाले. वरच्या टोकापासून जमिनीकडे एक निळसर पांढरी वाकडी रेघ चमकली आणि त्याच क्षणी असा कडाका झाला की पुढच्या रांगेतली दोन लहान मुले रडू लागली. माझ्या शेजारी इरकल साडी नेसलेली, बागलकोट-विजापूरकडची वाटावी अशी एक आजी होती. तिने समोरच्या संशोधक मुलीला विचारले, ‘इदु खरे सिडिलेनु?’

मला त्या प्रश्नाची गंमत वाटली. ‘खरे’ हा शब्द आपला आणि त्यांचाही. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये तो अगदी घरचा आहे. पण पुढचा शब्द पाहा. आपण मराठीत सगळ्यालाच ‘वीज’ म्हणतो. आभाळात चमकते ती वीज, झाडावर पडते ती वीज आणि मीटरमधून येते तीही वीज. कन्नडमध्ये चमकतो तो ‘मिंचु’, गडगडतो तो ‘गुडुगु’ आणि खाली पडून जाळतो तो ‘सिडिलु’. घरातली वीज गेली की कोणी ‘मिंचु गेला’ म्हणत नाही, ‘करेंट होग्याद’ म्हणतात. दोन्ही भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी ही वाटणी लक्षात ठेवावी, कारण त्या हॉलमध्ये या तीन गोष्टी तीन वेगळी माणसे मोजत असतात. प्रकाश मोजणारा वेगळा, आवाज मोजणारा वेगळा आणि झटका मोजणारा वेगळा.

त्या मुलीने आजीला दिलेले उत्तर मला आवडले. ती म्हणाली, आजी, जात तीच, पण ही लहान आहे, आणि ही कधी, कुठे, किती पडली ते आम्हाला ठाऊक असते.

‘किती’ हा शब्द ऐकून मी भाच्याला बाजूला घेतले. तो हसला. म्हणाला, ‘मामा, इथे वीज पाडायला एक बटण पुरते. ती किती पडली हे सांगायला अर्धा जन्म लागतो.’ गर्दी ओसरल्यावर त्याने मला नियंत्रण कक्षात नेले आणि तिथे मला जे समजले ते सांगतो.

आधी एक हिशेब. हा ३० लाख व्होल्टचा मनोरा पूर्ण भरला की त्यात ५० किलोज्यूल ऊर्जा साठते. ऐकायला मोठी वाटते, पण एवढ्या ऊर्जेत एका मोठ्या कपाचे, म्हणजे दीडशे मिलिलिटर पाणी उकळते. एका चहापुरती वीज! मग एवढा कडाका कशाचा? वेळेचा. तीच ऊर्जा ५० मायक्रोसेकंदात बाहेर टाकली तर तेवढ्या वेळापुरता वेग १००० मेगावॅटचा होतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. जोगचे पाणी घेऊन चालणाऱ्या शरावती केंद्राची क्षमता १०३५ मेगावॅट आहे. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने तो मनोरा त्या निमिषापुरता दुसरे शरावती होतो आणि लगेच विझतो. झटक्याचे सगळे सामर्थ्य त्याच्या वेगात आहे. म्हणून तो मोजायचा तर व्होल्टबरोबर त्याचा वेगही मोजायला हवा.

जगभर या परीक्षेसाठी एक नमुना ठरलेला आहे. आभाळातल्या विजेसारखा झटका म्हणजे १.२ मायक्रोसेकंदात चढायचा आणि ५० मायक्रोसेकंदांनी निम्म्यावर उतरायचा. १.२ मायक्रोसेकंदात प्रकाश फक्त ३६० मीटर जातो. ट्रान्सफॉर्मर असो, खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर असो, असा झटका सोसल्याशिवाय तो पास होत नाही. आता नियमातली खुबी बघा. झटका तयार करणाऱ्याला चढाच्या वेळेत ३० टक्के इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे. मोजणाऱ्याला मात्र त्या वेळेत १० टक्क्यांहून आणि उंचीत ३ टक्क्यांहून जास्त अनिश्चितता चालत नाही. करणाऱ्यापेक्षा मोजणाऱ्याला शिस्त कडक. सरकारी कामापासून स्वयंपाकघरापर्यंत आपल्याकडे हे उलटे असते, असा विचार मनात येऊन गेला.

लाखो व्होल्ट सरळ यंत्राला जोडता येत नाहीत. म्हणून मनोऱ्याशेजारी एक उंच खांब उभा असतो, त्याला डिव्हायडर म्हणतात. रस्त्यावरचा नव्हे, व्होल्ट विभागणारा. सगळा दाब या खांबावर पडतो आणि तळाशी त्याचा हजारावा किंवा त्याहून लहान हिस्सा काढून घेतला जातो. शिडीच्या हजार पायऱ्यांपैकी खालची एक मोजायची आणि हजाराने गुणायचे. हळू बदलणाऱ्या दाबाला हे गणित चोख लागू पडते. झटक्याला मात्र ते फसवू शकते.

घटप्रभेच्या डाव्या कालव्याला हिडकलहून पाणी सोडले की काय होते ते आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. दार एकदम उघडले तरी शेवटच्या शेतात पाणी एकदम येत नाही. वाटेतला कोरडा तळ आधी भिजतो, दोन्ही काठ पाणी पितात आणि टोकाला पोहोचेपर्यंत तो लोंढा मवाळ होऊन, उशिरा येतो. टोकाचा शेतकरी नुसत्या आपल्या पाटाकडे बघून म्हणाला की दार हळूहळू उघडले, तर ते खोटे ठरेल. डिव्हायडरचा खांबही असाच आहे. त्याचा प्रत्येक भाग आजूबाजूच्या हवेशी, भिंतीशी, जमिनीशी नकळत थोडा थोडा विद्युतभार देवघेव करतो. खांब जितका उंच, तितके हे ‘काठ’ जास्त पितात. मोजणारा माणूस टोकाला बसलेला असतो. वर दाब ताडकन चढला तरी त्याच्या पडद्यावर तो सावकाश चढलेला दिसतो, आणि झटका फार छोटा असेल तर त्याची खरी उंची दिसायच्या आतच तो ओसरू लागतो.

खांबाच्या तळापासून यंत्रापर्यंत केबल जाते. तिथे दुसरी अडचण. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. एकच टाळी, पण नुसते कान देणाऱ्याला वाटावे की दहा माणसे वाजवत आहेत. केबलच्या टोकाला नेमका जुळणारा रोध बसवला नाही तर झटका तिथून उलट फिरतो, मागे जाऊन पुन्हा येतो आणि पडद्यावर एकाचे तीन झटके दिसतात. जुळणारा रोध बसवणे म्हणजे घुमटाच्या भिंतींना जाड पडदे लावणे.

तिसरी गोष्ट ऐकून मी चमकलो. आपण अर्थिंग म्हणजे शून्य समजतो. जमिनीत तार पुरली की झाले. पण झटक्याच्या वेगात एक मीटर साधी तारसुद्धा प्रवाहाला अडवते. हजार अँपिअरचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात वाढला तर एवढ्याशा अर्थिंगच्या तारेवर हजाराच्या घरात व्होल्ट उभे राहतात. ज्याला आपण शून्य धरून मोजतो, ते शून्यच त्या क्षणी उडी मारते. म्हणून अशा हॉलमध्ये जमिनीखाली तांब्याचे पत्रे आणि जाळ्या असतात, केबलला दुहेरी आवरण असते आणि मोजण्याचे यंत्र धातूने मढवलेल्या खोलीत ठेवतात.

एवढे सगळे केल्यावर पडद्यावर जी रेघ उमटली ती खरी हे कशावरून? इथे भाच्याने मला त्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट सांगितली. मोजणीची सगळी मांडणी जशीच्या तशी ठेवायची. मनोरा तोच, केबल तीच, यंत्र तेच. फक्त झटक्याचा हिस्सा यंत्राला मिळणार नाही अशी जोडणी करायची. मग पूर्ण दाबाचा झटका मारायचा. पडद्यावर सरळ आडवी रेघ आली पाहिजे. जे काही वेडेवाकडे उमटेल, ते झटक्याचे माप नव्हे, ते यंत्राने इकडून तिकडून ऐकलेले आवाज. नियमाप्रमाणे ते खऱ्या मापाच्या एका टक्क्याहून कमी असले पाहिजेत. यंत्राला काही दिसते का हे विचारण्याआधी, काहीच नसताना त्याला काही दिसत तर नाही ना, हे विचारायचे. वादविवादात, बातमीत, गावगप्पांत अशी परीक्षा घेता आली असती तर किती बरे झाले असते!

खोलीच्या कोपऱ्यात जुन्या पद्धतीची साक्षही होती. चकचकीत तांब्याचे दोन मोठे गोळे, मधले अंतर बदलता येईल असे बसवलेले. हवेच्या एक सेंटिमीटर फटीतून उडी मारायला विजेला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. गोळ्यांमध्ये किती अंतरावर ठिणगी पडते त्यावरून दाब सांगता येतो, त्याची कोष्टकेही तयार आहेत. झटक्यासाठी मात्र तोच झटका अनेकदा मारावा लागतो आणि दहापैकी पाच वेळा ठिणगी पडली म्हणजे अंतर बरोबर जुळले असे धरतात. पण बेंगळूरमध्ये ही कोष्टके जशीच्या तशी वापरता येत नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. इथली हवा मुंबईच्या मानाने जवळपास दहा टक्के विरळ. विरळ हवेत वीज लवकर उडी मारते. म्हणजे मुंबईत जी फट थोपवून धरील तीच फट इथे हार मानते. आपले बेळगावही साडेसातशे मीटरच्या घरात आहे. ज्या गार हवेचे आपण कौतुक करतो, तिच्यासाठी विजेच्या हिशेबात दुरुस्ती करावी लागते.

हे झाले मायक्रोसेकंदाचे. प्रकरण इथे संपत नाही. शहरात जागा कमी, म्हणून हल्ली मोठी सबस्टेशने एका खास वायूने भरलेल्या बंद नळ्यांमध्ये बसवतात. त्यांतला एक साधा स्विच उघडतानासुद्धा आत ठिणग्या पडतात आणि दाब काही नॅनोसेकंदांतच चढतो. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचाही हजारावा भाग. अशा अतिवेगवान झटक्यांवर याच संस्थेत अनेक वर्षे संशोधन झाले आहे. अमेरिकेच्या नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. ‘हा एक नॅनोसेकंद,’ असे सांगत, कारण तेवढ्या वेळात प्रकाश तेवढेच अंतर कापतो. साध्या केबलमध्ये तर वीज वीसच सेंटिमीटर जाते. विचार करा, तीन-चार मीटर उंचीच्या खांबाच्या वरच्या टोकाला झटका येऊन संपला तरी खालच्या टोकाला त्याची खबर नसते. तिथे तो खांब कुचकामी. मग नळीच्या भिंतीतच एका नाण्याएवढी चकती बसवतात आणि तिच्यावर पडणाऱ्या प्रभावावरून दाब ओळखतात. वेग वाढला की मोजणारा लहान व्हावा लागतो. मोठा मोजणारा स्वतःचीच सावली मोजत बसतो.

कोणी म्हणेल, दोन-पाच टक्क्यांनी काय बिघडते? बिघडते असे. मापात उंची खरीपेक्षा जास्त दिसली तर उपकरणाला प्रत्यक्षात कमी झटका बसलेला असतो आणि अशक्त ट्रान्सफॉर्मर पास होऊन गावाच्या वेशीवर उभा राहतो. मृगाच्या आधीच्या एखाद्या रात्री तो जातो. बोअरची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद, परीक्षेचा अभ्यास मेणबत्तीवर. मापात उंची कमी दिसली तर उलटे होते. चांगल्या उपकरणावर जास्त घाव बसून ते परीक्षेतच निकामी होते आणि कारखानदार पुढच्या वेळी विनाकारण जाड, महाग माल बनवतो. तार हेस्कॉमची असो की पलीकडच्या महावितरणची, तिच्यावरचा प्रत्येक इन्सुलेटर अशाच कुठल्यातरी रेघेच्या भरवशावर लटकलेला आहे.

शेवटी मी त्या संशोधक मुलीपुढे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न ठेवला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, सर, आभाळातल्या विजेचे व्होल्ट कोणी सरळ मोजत नाही, प्रवाह मोजतात. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळच्या सान साल्वातोरे डोंगरावर कार्ल बर्गर नावाच्या शास्त्रज्ञाने मनोरे उभारून १९४० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे पडलेल्या विजा नोंदवल्या. त्यांतून कळले की पहिल्या लोळाचा प्रवाह मध्यम मानाने ३० हजार अँपिअर असतो. मग तिने कागद घेतला. झाडाच्या मुळांचा जमिनीशी रोध समजा १०० ओहम. ३० हजार गुणिले १००. कागदावर आले ३० लाख व्होल्ट. हॉलमधल्या मनोऱ्याएवढेच. ती लगेच म्हणाली, हा अंदाज आहे. माती ओली की कोरडी, मुळे किती खोल, सगळ्याने तो बदलेल. पण हा दाब झाडापासून दूर जाताना जमिनीवर उतरत जातो, आणि झाडाजवळ उभ्या माणसाच्या दोन पावलांतही मोठा फरक पडतो. शिवाय खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून वाट सोपी वाटली तर वीज बाजूला उडी मारते. झाड आडोसा देत नाही, ते तिला खाली आणते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे गेली. त्यांतली बरीचशी शेतात, उघड्यावर असलेली. म्हणून इथे साधे माप सांगून ठेवतो, त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. मिंचु दिसल्यापासून गुडुगु ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्यावरही पडू शकते. झाड सोडा, पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घरातल्या लहानांना हे दोन्ही भाषांत शिकवा.

माझ्या विद्यार्थ्याला मी तो कागद पाठवला. आता तो एका माध्यमिक शाळेत शिकवतो. त्याने उत्तरात एवढेच लिहिले की दरवर्षी एप्रिलमध्ये तो मुलांना सेकंद मोजायला लावतो.

प्रयोगशाळेतून निघताना भाच्याने मला एका चाचणीचा छापील आलेख दाखवला. चढ, टोक आणि लांब उतार. दिसायला आपल्या वैजनाथच्या डोंगराची रेघ, एका बाजूने उभी आणि दुसऱ्या बाजूने ऐसपैस. खाली टोकाच्या उंचीचा आकडा होता आणि त्या आकड्यापुढे लहान अक्षरांत छापले होते, अधिक-उणे ३ टक्के. मला तो शेवटचा भाग सर्वांत जास्त आवडला. आजीच्या भाषेत सांगायचे तर ‘खरे’ किती, आणि त्यात शंका किती, हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले होते.